पहिल्या गणनेतला राखाडी

१

"चोर सापडलाय, मॅडम. तुम्ही फक्त सही करायची," असं म्हणत साहेबांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

मी खात्याची चौकशी अधिकारी. कुठल्या कचेरीत काही हरवलं, जळलं किंवा कुणी गिळलं की मला पाठवतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "तुला राग येत नाही गं, तू रागातच राहतेस. तो अधूनमधून जरा बाहेर जाऊन येतो, एवढंच." त्यांचं खरं आहे. पण खुर्चीत नीट टेकायच्या आत कुणी निकाल तयार करून हातात दिला, तर संतालाही राग येईल.

हरवला होता एक नकाशा. ही कचेरी म्हणजे जमीन गणना कार्यालयाची तुलना शाखा. देशातली कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याची गणना आजवर तीनदा झाली, आणि दर वेळी वरच्या शहाण्यांनी जमिनीचे वर्ग बदलले. पहिल्या गणनेत पाच वर्ग होते: शेत, बाग, जंगल, कुरण आणि पडीक. दुसरीत त्यांचे नऊ झाले, तिसरीत तेरा. मग पहिलीतलं 'कुरण' आणि तिसरीतलं 'चराऊ व तत्सम' एकच मानायचं की वेगळं, हे ठरवायला ही शाखा काढली. ऐकायला अगदी मिळमिळीत काम. पण अशा एकेका शब्दावर माणसं घरादारातून उठवली जातात.

या वेळी उठणार होती गुरं पाळणाऱ्यांची एक वस्ती. वस्तीच्या वर लांबरुंद माळ आहे, त्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरतात. दगड फोडणाऱ्या एका कंपनीला त्या माळाचा अर्धा भाग हवा होता. कायदा असा, की जमीन शेवटच्या तीन गणनांत पडीक असेल तर सरकार ती कुणालाही देऊ शकतं. त्या तिनांत एकदा जरी ती कुरण म्हणून लागली असेल, तर वस्तीच्या संमतीशिवाय तिला हात लावता येत नाही. तुलना शाखेचा अहवाल म्हणत होता, पडीक, पडीक आणि पडीक. वस्तीने हरकत घेतली. सुनावणी उद्यावर आली होती, आणि सुनावणी अधिकाऱ्याने काल दुपारी निरोप धाडला होता की पहिल्या गणनेचा मूळ नकाशा घेऊन या, प्रत चालणार नाही.

आज सकाळी कपाट उघडलं, तर नेमका तोच नकाशा जागेवर नव्हता.

"कोण चोर?" मी विचारलं.

"आमची रंगारीण. नकाशे रंगवते, फाटले तर दुरुस्त करते. तिचं माहेर त्याच वस्तीत. मूळ नकाशा समोर आला तर त्यात पडीकच दिसणार, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून उडवला. संशयाचा फायदा मिळेल असं वाटलं असेल बिचारीला."

त्यांनी 'बिचारीला' इतक्या गोड आवाजात म्हटलं की चहा कडू लागला. मग त्यांनी अहवाल उघडला. नकाशा तीन महिन्यांपूर्वी स्कॅन झाला होता, त्यातला माळाचा तुकडा रंगीत छापून अहवालात चिकटवला होता. शेतं पिवळी, झाडी गडद हिरवी, आणि नकाशाच्या उजव्या कडेपर्यंत पसरलेला माळ राखाडी.

"राखाडी म्हणजे पडीक," साहेबांनी बोट ठेवलं. "आणि एक विनंती. ही प्रत खाली कुणाला दाखवू नका. पुरावा आहे."

टिपण करायला मी पेन काढून टेबलावर ठेवलं. ते घरंगळत काठाशी गेलं आणि खाली पडलं. मी उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

"सरकारी टेबलं!" साहेब हसले.

त्यांच्या मागच्या फळीवर त्यांच्याच पुस्तकाच्या प्रती मांडून ठेवल्या होत्या. तिन्ही गणनांचे वर्ग एकाच सूत्रात कसे बसवायचे यावर ते पुस्तक होतं, आणि त्या सूत्राला ते 'एकच किल्ली' म्हणत. खाली हॉलमध्ये त्यांचं नावच पडलं होतं किल्लीसाहेब. पुस्तकाच्या जोरावर ते लवकरच राष्ट्रीय मंडळावर जाणार होते.

"सही संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या तरी नावावर नक्की मिळेल," मी म्हटलं आणि अहवाल काखेत मारून उठले.

२

रंगारीण हॉलच्या बाहेर बाकावर बसली होती. चाळिशीची बाई, नखांच्या कडांना रंग मुरलेला. डोळे रडून नव्हे, संतापाने लाल झाले होते. मला ती तिथेच आवडली.

"चोरायचा असता तर गेल्या वर्षीच चोरला असता," मी बसायच्या आत ती म्हणाली. "नकाशाची कड फाटली होती. दुरुस्तीला महिनाभर माझ्याच टेबलावर होता."

"तेव्हा माळ कसा दाखवलेला होता?"

"कसा म्हणजे? हिरवा. फिकट हिरवा. कुरण."

"साहेब म्हणतात पडीक."

"साहेब म्हणतात!" ती उभीच राहिली. "साहेब कधी त्या माळावर पाय ठेवून आलेत का? मी तिथे वासरांमागे धावत मोठी झाले, मॅडम. मला सांगतायत पडीक!"

"बस. ओरडायचं काम माझं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गणनेत तर पडीकच लागलंय ना?"

"लागलंय. कसं लागलं ते कुणी विचारत नाही." ती बसली. "दुसऱ्या गणनेची माणसं ऐन उन्हाळ्यात आली. उन्हाळ्यात माळावर काडी नसते, गुरं आम्ही खाली नदीकाठी नेतो. त्यांचा नियम असा होता, की चरतं जनावर डोळ्यांनी दिसलं तर कुरण, नाहीतर पडीक. दिसलं नाही, लिहिलं पडीक. तिसरीवाले तर आलेच नाहीत. बसल्या जागी दुसरीवरून उतरवून घेतलं."

"आणि पहिलीवाले?"

"ते पावसाळ्यात आले. माझी आई अजून सांगते, एक माणूस चिखलात घसरत घसरत वर चढला. अंगभर चिखल. आईने त्याला दूध दिलं, त्याने पिऊन तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतलं."

माझ्या जिभेवर जे आलं ते चौकशी अधिकाऱ्याच्या तोंडी शोभलं नसतं. शेकडो माणसांचं पोट, आणि ते अवलंबून कशावर, तर कुठला कारकून कुठल्या महिन्यात डोंगर चढला यावर! दोघं नको त्या महिन्यात आले किंवा आलेच नाहीत, आणि त्यांच्या आळसाला इथे 'आकडेवारी' असं भारदस्त नाव मिळालं. एकाने कष्ट घेतले, तर नेमका त्याचाच कागद गायब.

पण हिचा शब्द हा हितसंबंधी माणसाचा शब्द. सुनावणीत त्याला कुणी हिंग लावूनही विचारणार नव्हतं.

"तुझ्यावर कुणाचा राग आहे का इथे?"

"राग कशाला असेल? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग ती माझ्याकडे वळली. "एक सांगू? तीन-चार महिन्यांपूर्वी माझी राखाडी रंगाची बाटली अर्धी झालेली सापडली. मला वाटलं सांडली असेल. पण राखाडी मला फक्त दुसऱ्या गणनेच्या नकाशांना लागतो, आणि वर्षभरात मी त्यातला एकही हातात घेतलेला नाही."

३

नकाशांची कपाटं ज्यांच्या ताब्यात, त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. वर किल्लीसाहेब आणि खाली कुलूपकाका! एवढा बंदोबस्त असून नकाशा उडालाच. काका निवृत्तीला टेकलेले, आणि त्यांनी उरलेले महिने मूग गिळून काढायचं ठरवलेलं दिसत होतं.

"मी कुलूप बघतो, बाई. आतलं बघत नाही."

"किल्ली कुठे असते?"

त्यांनी खुर्चीमागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "जेवायला जाताना तिथे टांगतो."

"म्हणजे कुणीही घ्यावी."

"तसं कसं म्हणता? आपलीच माणसं आहेत."

"आपलीच माणसं चोरतात, काका. परक्यांना खिळा कुठे आहे ते ठाऊक नसतं. नकाशा बाहेर नेता आला असता?"

"छे! मागे मोजणीचं यंत्र चोरीला गेल्यापासून फाटकावर डब्यापेक्षा मोठी वस्तू तपासल्याशिवाय सोडत नाहीत. आणि हा नकाशा कापडावर चिकटवलेला, टेबलाएवढा. गुंडाळला तरी हातभर लांब नळी होते. घडी घालायची म्हणाल तर जाड बोचकं होईल."

म्हणजे नकाशा इमारतीतच होता. मी सगळ्यांना कामाला लावलं. कपाटं, माळे, जिन्याखालची अडगळ, पाण्याच्या टाकीची खोली, साहेबांच्या केबिनमधली कपाटं आणि फळ्यासुद्धा. दुपार झाली, सगळ्यांचे कपडे धुळीने माखले, नकाशा काही मिळाला नाही.

मग मी स्कॅन करणाऱ्याला गाठलं. त्याला सगळे माऊसभाऊ म्हणत. तो खरोखरच उंदरासारखा यंत्रामागे बसलेला, बाजूला बिस्किटांचा चुरा.

"माझ्याकडे आला तसा स्कॅन केला," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "माळ राखाडी होता. मी काय त्याला हिरवा करू?"

"रंग ताजा वाटला का?"

"मॅडम, माझ्याकडे ढिगाने नकाशे येतात. मी रंग बघत नाही. यंत्र रंगाला क्रमांक देतं, मी क्रमांक बघतो."

"आणला कुणी होता?"

"टेबलावर ठेवलेला होता. इथे सगळं टेबलावर ठेवलेलंच सापडतं, कुणी आणलंय ते कधीच कळत नाही." हे मात्र त्याने माझ्याकडे बघत सांगितलं, आणि मला पटलं.

त्याच्या पडद्यावर तिसऱ्या गणनेचा नकाशा होता. पडदाभर तपकिरी डाग पडलेले.

"हे काय?"

"पडीक. तिसरीत पडीक तपकिरी असतं. सगळा देशच पडीक करून ठेवलाय यांनी," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मला हसू आलं नाही. तीन माणसं, तिघांचे हात वर. पहिली म्हणते हिरवा होता, तिसरा म्हणतो राखाडी होता, आणि मधला म्हणतो मी बघतच नाही. दोघंही खरं बोलत असतील तर मधे काहीतरी झालं होतं. आणि ते बघायला नकाशाच नव्हता.

की होता? मी मागे वळून कुलूपकाकांना हाक मारली. "काका, हरवलेल्या नकाशाच्या उजवीकडच्या भागाचा नकाशा आहे?"

"आहे की. शेजारच्याच खणात."

"काढा."

४

हॉलच्या मधोमध काचेचं टेबल होतं, खालून दिवा लागणारं. मी काकांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि शेजारचा नकाशा त्यावर पसरला. पहिल्या गणनेचा मूळ नकाशा मी आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत होते. पिवळटलेला कागद, हाताने भरलेले रंग.

माळ मोठा होता. एका नकाशात मावत नव्हता, म्हणून कंपनीने मागितलेला अर्धा हरवलेल्या नकाशात आणि उरलेला अर्धा या शेजारच्यात आला होता; इकडे कुणी बघितलंच नव्हतं. इकडचा अर्धा भाग डाव्या कडेपर्यंत फिकट हिरवा होता.

मी अहवालातली छापील प्रत त्या कडेला भिडवली. इकडे हिरवं, तिकडे राखाडी. आणि दोहोंमधली सीमा कशी? कागद जिथे संपतो तिथे, फुटपट्टी लावल्यासारखी सरळ. ओढा नाही, बांध नाही, वाट नाही. मला सांगा, गवताला कागदाची कड कळते का? एकाच डोंगराच्या एकाच उतारावर, एकाच माणसाने एकाच पावसाळ्यात बघितलेलं कुरण, कागद बदलला म्हणून पडीक कसं होईल?

नकाशा कुणीतरी नंतर रंगवला होता. रंगारीण खरं बोलत होती. आणि मूळ नकाशा का उडाला तेही आता उघड होतं. छापील प्रतीत नवा रंग जुन्यासारखाच दिसतो, पण मूळ नकाशा हातात धरून कुणी तिरप्या उजेडात बघितला असता तर बिंग फुटलं असतं. सुनावणी अधिकाऱ्याने मूळ मागितला, आणि ज्याने रंगवला त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पुरावा हवा होता. नकाशा रंगवला हे कळलं, कुणी ते कळलं नव्हतं. रंगाची पेटी उघड्यावर, किल्ली खिळ्यावर. चौघांपैकी कुणालाही जमण्याजोगं काम.

मी नकाशावर वाकून कोपरान्‌कोपरा बघत राहिले. खाली डाव्या कोपऱ्यात पाच छोट्या चौकटी काढलेल्या होत्या, पाच वर्गांच्या. पिवळी शेताची, तांबूस बागेची, गडद हिरवी जंगलाची, फिकट हिरवी कुरणाची. पाचवी पडीकची, ती रिकामी. मला आधी वाटलं तिचा रंग उडाला असेल. मग मी नकाशाभर नजर फिरवली. ओढ्याकाठचे खडक, उघडे कडे, वाळूचा पट्टा बघितला, आणि पुन्हा त्या पाचव्या चौकटीकडे आले.

दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मी दार उघडून सांगितलं, "चौघांनाही बोलवा, साहेबांसकट. आणि रंगाची पेटी आणा."

५

चौघं आले. चार कोपऱ्यांत चार छोटी टेबलं मांडली होती, तोंडं भिंतीकडे. प्रत्येकावर शेजारच्या नकाशाची नुसती रेघांची प्रत, एक कुंचला, आणि बशीत सगळे रंग.

"हा काय पोरखेळ?" साहेब म्हणाले.

"रंगारणीचा हात वेगळा ओळखता येतो का ते बघायचंय," मी शक्य तितक्या नरमाईने म्हटलं. ही नरमाई मला फार महागात पडते, नंतर डोकं दुखतं. "तुम्ही तर यातले जाणकार. तुमचा नमुना बाकीच्यांशी ताडून बघता येईल."

'जाणकार' शब्दावर साहेब खुलले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"प्रत्येकाच्या प्रतीवर ओढ्याकाठी एक खडकाळ तुकडा आहे. फुली मारलीय. पहिल्या गणनेत तो पडीक होता. पहिल्या गणनेच्या नकाशात जसा दाखवतात तसा दाखवा. एकमेकांशी बोलायचं नाही."

माऊसभाऊने तोंड वाकडं केलं, कुंचला तपकिरी रंगात बुडवला आणि तुकडा भरून टाकला. साहेबांनी न अडखळता राखाडी घेतला आणि सफाईने, कडेबाहेर थेंबही न जाऊ देता भरला. कुलूपकाका कुंचला हातात धरून बसले आणि मग तसाच खाली ठेवला. रंगारणीने कुंचल्याला हातच लावला नाही.

"तुमचं झालं नाही?" मी त्या दोघांना विचारलं.

"झालं की," काका चाचरत म्हणाले.

"झालं," रंगारीण म्हणाली.

मी चारही कागद काचेच्या टेबलावर मांडले, शेजारी मूळ नकाशा, आणि त्यातल्या त्याच तुकड्यावर बोट ठेवलं. तो कोरा होता. नुसता पिवळटलेला कागद.

"पहिल्या गणनेत पडीकला रंगच नव्हता," मी म्हटलं. "ज्या जमिनीचा कुणाला काही उपयोग नाही तिच्यावर रंग कोण खर्च करणार? कोरी सोडायचे. खालची चौकट बघा, रिकामी आहे. राखाडी आला दुसऱ्या गणनेपासून, तपकिरी तिसरीत. पहिल्या गणनेच्या नकाशात राखाडी असूच शकत नाही. तरी या अहवालात अख्खा माळ राखाडी आहे." मी प्रत टेबलावर आपटली. रंगारणीने ती पहिल्यांदाच पाहिली, आणि तिच्या तोंडून नुसता "अगं आई" एवढाच आवाज निघाला.

"रंगारीण किंवा काका यांनी हे केलं असतं, तर हिरवं झाकायला जुनाट कागदाचा रंग फासला असता. राखाडीला हात लावला नसता. माऊसभाऊ दिवसभर तिसऱ्या गणनेत बसतो, त्याचा हात तपकिरीकडे गेला. पहिल्या गणनेला राखाडी फासणारा माणूस या इमारतीत एकच आहे. तिन्ही गणनांना एकच रंग लावायची सवय असलेला."

साहेबांचा कुंचला अजून हातातच होता. त्याच्या टोकाला राखाडी थेंब लोंबत होता.

६

"याला पुरावा म्हणत नाहीत," साहेब म्हणाले. आवाज थंड होता. "माझ्या पुस्तकात पडीकला राखाडी आहे. ते वाचून कुणीही तो वापरेल. नकाशा कुठे आहे? तो दाखवा, मग बोला."

"चला, दाखवते."

मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले, बाकीचे माझ्यामागे आले, आणि मी पर्समधून पेन काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते घरंगळलं आणि खाली पडलं.

"कपाटं तपासली आम्ही, टेबल तपासायचं राहिलं," मी म्हटलं. "काका, टेबलावरच्या काचेचं तिकडचं टोक धरा."

काच उचलली. खाली टेबलभर हिरवं कापड ताणलेलं, आणि कापड एका बाजूला फुगलेलं. त्याची कड सोडवली. खाली आमचा नकाशा. त्याचा एक काठ दुमडून घातला होता, तेवढीच टेबलाला चढण आली होती. सकाळी साहेबांनी मला त्याच नकाशावर चहा दिला होता.

मी कापसाचा बोळा ओला करून रंगारणीच्या हातात दिला. तिने माळाच्या एका कोपऱ्यावर अगदी हलक्या हाताने फिरवला. राखाडी बोळ्यावर आला, आणि खालून फिकट हिरवा वर आला. पक्का, जुना, मुरलेला.

"का?" मी विचारलं. "कंपनीने काही दिलं?"

साहेब खरोखर दुखावले. "मला काय विकला गेलेला माणूस समजता? मला कंपनीचं नावसुद्धा ठाऊक नाही." ते खुर्चीत बसले. "माझी किल्ली मी तपासायला निवडलेल्या सगळ्या नकाशांना लागते; हा त्यातलाच, शेजारचा त्यात नव्हता. एकही अपवाद नाही, असं पुस्तकात छापलंय. पुस्तक मंडळाकडे गेल्यावर लक्षात आलं, हा एक माळ जुळत नाही. दोन गणना पडीक म्हणतात, एक कुरण म्हणते. तिनातला एक वेगळा निघाला तर तो चुकीचा असतो, हे शास्त्र आहे, मॅडम. मी एक चूक दुरुस्त केली. आणि नकाशा मी नष्ट केलेला नाही. सुनावणी झाली की सापडणारच होता."

"ती चूक नव्हती, साहेब. त्या गाई होत्या," मी म्हटलं, आणि मग माझा आवाज चढला तो खालच्या फाटकापर्यंत गेला असं नंतर कळलं. "पैसे खाल्ले असते तर मी समजू शकले असते! तुम्ही पुस्तकातली एक ओळ वाचवायला वस्ती पुसायला निघालात, वर तिच्याच लेकीला चोर ठरवलंत, आणि मला सांगता शास्त्र?"

संध्याकाळी मी सही केली, वचन दिलं होतं तशी.

७

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने शेवटचा हात मारून पाहिला. तीनपैकी दोन गणना पडीक म्हणतात, बहुमत आमच्या बाजूने आहे, असं म्हणाला. सुनावणी अधिकाऱ्याने कायदा उघडून 'एकदा जरी' हे दोन शब्द त्याला मोठ्याने वाचायला लावले. माळ वस्तीचा राहिला. साहेब निलंबित झाले, पुस्तक मंडळाकडून परत आलं.

बाहेर रंगारणीची आई उभी होती. सत्तरीची, ताठ. मला वाटलं आता पाया पडणार, रडणार. मी अवघडून गेले. पण ती माझ्यापेक्षा जास्त भडकलेली होती.

"एक माणूस चिखलात चढला म्हणून आम्ही वाचलो," ती म्हणाली. "तोही उन्हाळ्यात आला असता तर?"

मी काखेतली फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

"मला एवढंच सांगा बाई, चौथ्या वेळी कोणत्या महिन्यात येणार आहेत?"

मी चौकशी केली. चौथी गणना पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात. ती झाली की पहिली हिशेबातून बाद, उरणार दुसरी, तिसरी आणि ही चौथी. नियम तोच, चरतं जनावर दिसलं पाहिजे. महिना बदला म्हणून मी वरपर्यंत भांडले, आणि उत्तर आलं की वेळापत्रक राष्ट्रीय आहे. मी महिना रंगारणीकडून तिच्या आईला कळवला. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

गणनेच्या दिवशी मी रजा टाकून गेले. माळ करपलेला होता, पायाखाली नुसता फुफाटा. आणि त्या उन्हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वस्तीची सगळी गुरं उभी होती. पहाटेपासून बायकांनी पाणी डोक्यावरून वर चढवलं होतं, पुरुषांनी चाऱ्याचे भारे पाठीवरून आणून जमिनीवर पसरले होते. गुरं मान खाली घालून खात होती.

गणनेचा माणूस घाम पुसत वर आला आणि बघतच राहिला.

"आजी, इथे तर गवत नाही. हा चारा तुम्ही आणून टाकलाय."

"तुला जनावर दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मान खाली आहे ना त्याची? तोंड हलतंय ना?"

त्याने एकदा गुरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घाईने पेन काढलं.

म्हातारी त्याच्या हाताशी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने लेकीला पुढे ओढलं.

"काय लिहिलं त्याने?"

रंगारणीने कागदात डोकावून पाहिलं. "कुरण, आई."

"पुन्हा वाच."

"कुरण."

म्हातारीने मान हलवली, काठी उचलली आणि पहिल्या गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"चला गं," ती म्हणाली, "उतरा आता खाली. पाय भाजले असतील."